नाव कोठे सापडेल? : यादी लावण्याचे शास्त्र

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला आहे. शाळेच्या सूचनाफलकावर उत्तीर्ण विद्यार्थ्यांची यादी आडनावांच्या क्रमाने लावली असून तिच्यापुढे मुलामुलींची दाटी झाली आहे. त्या गर्दीत क्षीरसागर आडनावाची एक मुलगी आहे, अशी कल्पना करा. तिला वर्णमाला चांगली पाठ आहे. ‘ह’नंतर ‘ळ’ आणि ‘ळ’नंतर ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही अक्षरे येतात हे ठाऊक असल्यामुळे ती सरळ यादीचा शेवट पाहते. तेथे हर्डीकर आहे, होनप आहे. परंतु क्षीरसागर नाही. आपण अनुत्तीर्ण झालो असे समजून ती मान खाली घालून घरी परतते. वस्तुतः तिचे नाव यादीत होते. यादी लिहिणाऱ्याने ‘क्ष’ म्हणजे ‘क्’ आणि ‘ष’ यांचे जोडाक्षर असे धरून ते नाव कोल्हटकर आणि खरे यांच्या मध्ये घातले होते.

या प्रसंगात चूक कोणाची? यादी लिहिणाऱ्याने व्याकरणाला धरून काम केले आणि मुलीने शाळेत शिकवलेल्या वर्णमालेला धरून शोध घेतला. दोघांचेही नियम योग्यच होते. मात्र ते एक नव्हते, आणि कोणता नियम वापरला आहे हे यादीवर कोठेही लिहिलेले नव्हते. यादी लावणे हे कारकुनी काम आहे, त्यात शास्त्र ते काय असणार, असे पुष्कळांना वाटते. तथापि शब्दकोश, ग्रंथालयाची तालिका, मतदारांची यादी, रुग्णालयातील नोंदवही, शाळेचा हजेरीपट या सर्वांचा उपयोग त्यातील नोंद वेळेवर सापडण्यावर अवलंबून असतो. जी नोंद सापडत नाही, ती शोधणाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच होय. म्हणून क्रम कसा ठरवावा, त्यात कोणत्या अडचणी येतात आणि त्या कशा सोडवाव्यात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

क्रमाचा लाभ

प्रथम क्रम हवाच कशासाठी, ते पाहू. साठ हजार शब्दांचा एक कोश घ्या आणि त्यातील शब्द वाटेल तसे विखुरलेले आहेत असे समजा. एखादा शब्द शोधावयाचा झाल्यास पहिल्यापासून एकेक शब्द पाहत जाण्यावाचून गत्यंतर नाही. दैव अनुकूल असेल तर तो लवकर मिळेल, नसेल तर शेवटी मिळेल. सरासरीने पाहता सुमारे तीस हजार शब्द तपासावे लागतील. आता तेच शब्द ठराविक क्रमाने लावलेले आहेत असे समजा. कोश बरोबर मध्यावर उघडा. आपला शब्द त्या ठिकाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. म्हणजे अर्धा कोश वगळता आला. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करा. असे प्रत्येक वेळी निम्मे करीत गेल्यास फार तर सोळा वेळा पाहिल्यावर शब्द हाती येतो, किंवा तो कोशात नाही असे निश्चित कळते. कारण दोनाला दोनाने सोळा ठिकाणी मांडून गुणले असता ६५,५३६ ही संख्या येते, आणि ती साठ हजारांहून मोठी आहे. तीस हजार कोठे आणि सोळा कोठे! क्रमाचे सामर्थ्य ते हेच.

या लाभाला मात्र एक अट आहे. शोधणाऱ्याला क्रमाचा नियम ठाऊक असला पाहिजे. अलीकडे की पलीकडे हे ठरवताना एकदा जरी चूक झाली, तरी पुढचा सर्व शोध भलत्याच अर्ध्यात चालतो. क्षीरसागर आडनावाच्या मुलीचे नेमके हेच झाले.

दोन जातींचे क्रम

जगातील बहुतेक सर्व याद्या दोन प्रकारांनी लावलेल्या आढळतात. पहिला प्रकार वर्गवार क्रमाचा. यात एकमेकांशी संबंध असलेल्या वस्तू जवळजवळ ठेवल्या जातात. स्वयंपाकघरातील मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरे, हळद, तिखट शेजारीशेजारी असतात. कारण फोडणीच्या वेळी ती एकत्र लागतात. दुसरा प्रकार वर्णानुक्रमाचा. त्यालाच मराठीत ‘अकारविल्हे’ लावणे असे म्हणतात. यात वस्तूंच्या गुणांचा विचार नसतो, केवळ त्यांच्या नावांतील अक्षरांचा असतो. अकारविल्हे यादीत हत्ती आणि हळद शेजारी येतात, याचे कोणाला नवल वाटत नाही.

या दोहोंमधील भेद रसायनशास्त्राच्या इतिहासात चांगला दिसून येतो. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम ही तीन मूलद्रव्ये गुणधर्मांनी भावंडेच होत. तिन्ही मऊ धातू असून पाण्याशी त्यांची रासायनिक क्रिया चटकन होते. परंतु अकारविल्हे यादीत पोटॅशियम ‘प’मध्ये, लिथियम ‘ल’मध्ये आणि सोडियम ‘स’मध्ये जाते; त्यांचे नाते झाकले जाते. १८६९ साली रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव याने त्या काळी ज्ञात असलेली त्रेसष्ट मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने लावली आणि सारख्या गुणधर्मांची मूलद्रव्ये एका रांगेत येतील अशी योजना केली. तेव्हा काही घरे रिकामी राहिली. या जागी अद्याप न सापडलेली मूलद्रव्ये असली पाहिजेत, असे त्याने सांगितले. त्यांपैकी काहींना त्याने ‘एक’ हा संस्कृत संख्याशब्द जोडून तात्पुरती नावेही दिली, उदाहरणार्थ, एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन आणि एक-सिलिकॉन. पुढे १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले आणि ती घरे भरली.

या कोष्टकात आणखी एक बोधप्रद गोष्ट घडली. टेल्युरियमचा अणुभार आयोडिनपेक्षा अधिक आहे. केवळ अणुभार पाहिला तर आयोडिन आधी यावयास हवे. पण तसे केल्यास ते आपल्या भावंडांपासून, म्हणजे क्लोरीन आणि ब्रोमीन यांच्यापासून तुटते. मेंडेलीवने गुणधर्मांचा कौल मानून टेल्युरियम आधी ठेवले. त्याचे कारण १९१३ साली हेन्री मोझ्ली याच्या क्ष-किरणांवरील प्रयोगांनी उघड झाले. क्रमाचा खरा पाया अणुभार नसून अणुक्रमांक होय, असे त्यांवरून दिसून आले. टेल्युरियमचा अणुक्रमांक ५२ आणि आयोडिनचा ५३ आहे. याचा अर्थ असा की, कशाच्या आधारे क्रम लावावा हा प्रश्न काही वेळा प्रत्यक्ष शास्त्राचाच प्रश्न असतो.

मग अकारविल्हे क्रम हलक्या दर्जाचा मानावयाचा काय? मुळीच नाही. ज्याला जर्मेनियमविषयी काहीच माहिती नाही, त्याने कोष्टकातील त्याचे घर कसे शोधावे? त्याला फक्त नाव ठाऊक आहे, आणि नावावरून शोध घेण्यास अकारविल्हे यादीसारखे साधन नाही. वर्गवार क्रम विषय समजून देतो. अकारविल्हे क्रम नोंद शोधून देतो. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी संपादलेल्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’त दोहोंचाही उपयोग केलेला दिसतो. त्याचे पहिले पाच विभाग प्रस्तावनेचे असून ते विषयवार आहेत, तर सहाव्या विभागापासून अकारविल्हे लेख सुरू होतात.

अक्षरांचा क्रम कोठून आला?

रोमन लिपीतील ए, बी, सी, डी हा क्रम अतिशय जुना आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित येथे सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांवर अक्षरांचा जो क्रम कोरलेला आहे, त्याचा सांगाडा आजच्या रोमन क्रमातही ओळखू येतो. परंतु ‘ए’नंतर ‘बी’च का यावे, याचे कारण त्या अक्षरांच्या उच्चारात आढळत नाही. तो केवळ परंपरेने चालत आलेला संकेत होय.

आपली वर्णमाला याहून वेगळी आहे. ‘क’पासून ‘म’पर्यंतची पंचवीस व्यंजने पाच ओळींत आणि पाच स्तंभांत मांडून पाहा. पहिल्या ओळीतील ‘क ख ग घ ङ’ यांचा उच्चार कंठाजवळ होतो. ‘च’वर्गाचा टाळूशी, ‘ट’वर्गाचा मूर्ध्याशी, ‘त’वर्गाचा दातांशी आणि ‘प’वर्गाचा ओठांशी. म्हणजे आपण घशाकडून ओठांकडे येत जातो. आता स्तंभ पाहा. पहिल्या दोन स्तंभांतील वर्ण अघोष, पुढील दोहोंतील घोष आणि शेवटच्या स्तंभातील अनुनासिक. मेंडेलीवच्या कोष्टकाप्रमाणे येथेही प्रत्येक घराला कारण आहे. प्राचीन भारतीय ध्वनिशास्त्रज्ञांनी केलेले हे वर्गीकरण भारतातील बहुतेक लिपींच्या क्रमाचा पाया बनले. मुखातील स्थानांवरून अक्षरे लावण्याची कल्पना अन्यत्रही सुचलेली दिसते. आठव्या शतकात खलील इब्न अहमद या विद्वानाने आपल्या अरबी कोशाची सुरुवात घशातून उच्चारल्या जाणाऱ्या ‘ऐन’ या अक्षराने केली आणि त्यावरूनच त्या कोशाला नाव मिळाले.

तथापि इतकी सुव्यवस्थित वर्णमाला हाती असूनही आपल्याकडील जुने कोश अकारविल्हे नसत. अमरसिंहाचा ‘अमरकोश’ विषयवार असून पद्यबद्ध आहे. स्वर्गाची नावे एका वर्गात, वनस्पतींची दुसऱ्या वर्गात, अशी त्याची रचना. हा ग्रंथ पाठ करावयाचा होता. पाने चाळून शब्द शोधण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याला श्लोक मुखोद्गत आहे, त्याला श्लोकाचा क्रम पुरतो. त्याच कोशात अनेकार्थी शब्दांचा जो भाग आहे, तेथे मात्र शब्द अंत्य व्यंजनानुसार लावलेले आहेत. पद्यरचना करणाऱ्याला असा क्रम सोयीचा पडतो. यादी कोण आणि कशासाठी वापरणार यावर तिचा क्रम ठरतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

छापील पुस्तके आली, वाचक वाढले, आणि पाठांतर न केलेल्या माणसालाही शब्द शोधता आला पाहिजे अशी गरज उत्पन्न झाली. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री याने इंग्रजीतील एक लहानसा शब्दसंग्रह अकारविल्हे प्रसिद्ध केला. त्यात अडीच हजारांच्या आसपास शब्द होते. शब्द शोधण्यापूर्वी अक्षरांचा क्रम पाठ करावा आणि शब्दाच्या आद्याक्षरावरून तो पुस्तकाच्या आरंभी पाहावा की शेवटी हे ठरवावे, असे त्याला वाचकांना समजावून सांगावे लागले. आज ही सूचना कोणाला हास्यास्पद वाटेल. परंतु वर्णानुक्रम हा शिकावा लागणारा संकेत आहे आणि तो शोधणाऱ्याला सांगितला पाहिजे, ही जाणीव तीत आहे.

एक शब्द, तीन जागा

वर्णमाला ठरली म्हणजे सर्व ठरले असे नाही. पुढील आठ शब्द घ्या : कडू, कमळ, कागद, किल्ला, कौल, कंदील, क्रम, क्षमा. यांतील ‘कंदील’ कोठे ठेवावा?

बाराखडी ज्याने घोकली आहे तो म्हणेल की ‘क, का, कि, की’ अशी सुरुवात होऊन ‘को, कौ’ यांच्यानंतर ‘कं’ येतो. म्हणून कंदील हा कौलानंतर असावा. दुसरा म्हणेल की अनुस्वार हे चिन्ह आहे आणि चिन्ह असलेले अक्षर सर्वांआधी घ्यावे. म्हणून कंदील हा पहिला शब्द. हिंदीतील अनेक कोशांत हीच रीत आहे. तिसरा म्हणेल की येथे अनुस्वाराचा उच्चार ‘न्’ असा आहे. ‘कन्दील’ असे लिहिले काय आणि ‘कंदील’ असे लिहिले काय, शब्द एकच. म्हणून तो कडूनंतर आणि कमळाआधी यावा. मोनियर विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात या उच्चारानुसारी रीतीचा अवलंब केलेला आहे. असा एकच शब्द तीन नियमांनी तीन ठिकाणी जातो, आणि प्रत्येक नियमाच्या मागे विचार आहे.

‘ळ’चे स्थान हा दुसरा वादविषय. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हे अक्षर ‘ह’नंतर येते. त्याप्रमाणे शब्द लावल्यास क्रम असा होतो : काल, कावळा, कासव, काळ. ‘ळ’ हा ‘ल’चाच सोबती आहे असे मानून दोघांना शेजारी ठेवल्यास तोच क्रम ‘काल, काळ, कावळा, कासव’ असा बदलतो. तमिळ वर्णमालेतही ‘व’नंतर शेवटी चार अक्षरे येतात, आणि त्यांत ‘ळ’चा समावेश आहे. संस्कृतच्या मूळ चौकटीत ज्या ध्वनींना जागा नव्हती, त्यांना अखेरीस बसवलेले दिसते.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची अडचण आपण आरंभीच पाहिली. ही अडचण केवळ आपलीच आहे असे समजू नये. स्पॅनिश भाषेत ‘सी’ आणि ‘एच’ यांची जोडी दीर्घकाळ स्वतंत्र अक्षर मानली जाई आणि कोशात तिचा वेगळा विभाग असे. १९९४ साली स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी कोशातील क्रमापुरते तिला स्वतंत्र स्थान देऊ नये असे ठरवले. दोन टिंबे असलेला ‘ए’ जर्मन कोशांत साध्या ‘ए’बरोबर येतो, स्वीडिश कोशांत तोच ‘झेड’च्याही पलीकडे जातो. अक्षर एकच, परंतु देशागणिक त्याची जागा निराळी.

माणसांची नावे

शब्दांपेक्षाही अवघड प्रकरण नावांचे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव अशी पद्धत रूढ आहे. त्यामुळे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, आणि यादी त्यावरून लावावयाची, असा समज आपण करून घेतो. परंतु हा नियम घेऊन आपण महाराष्ट्राबाहेर पडलो की तो लंगडू लागतो. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या नावात ‘सर्वपल्ली’ हे घराण्याचे नाव आरंभी आहे आणि ‘राधाकृष्णन’ हे त्यांचे स्वतःचे. राष्ट्रध्वजाच्या इतिहासात ज्यांचे नाव येते त्या पिंगळी वेंकय्या यांचेही तसेच. ‘पिंगळी’ हे घराण्याचे नाव होय. तमिळ प्रदेशात पुष्कळांना आडनावच नसते. नावाच्या आधीची अक्षरे गावाची किंवा वडिलांच्या नावाची असतात. आइसलंडमध्ये बहुतेकांना वंशपरंपरागत आडनाव नसते, म्हणून तेथे माणसे पहिल्या नावावरून शोधली जातात. ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांना तर आडनावावरून शोधण्याचे कोणाच्याही मनात येणार नाही.

टोपणनावांनी यात आणखी भर पडते. ‘विशाखा’ या काव्यसंग्रहाचे कवी कुसुमाग्रज आणि ‘नटसम्राट’ या नाटकाचे लेखक वि. वा. शिरवाडकर हे एकच गृहस्थ. पुस्तकावर छापलेल्या नावाप्रमाणे नोंद केली, तर एका लेखकाची पुस्तके ‘क’ आणि ‘श’ अशा दोन विभागांत विखुरतात. सर्व एकाच नावाखाली आणली, तर दुसऱ्या नावाने शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परत जातो. रवींद्रनाथांना कोणी ठाकूर म्हणतो, कोणी टागोर. एकाचा शोध ‘ठ’पाशी, दुसऱ्याचा ‘ट’पाशी.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. मुख्य नोंद एकाच ठिकाणी करावयाची आणि दुसऱ्या ठिकाणी ‘टागोर, रवींद्रनाथ – ठाकूर, रवींद्रनाथ पाहा’ अशी एक ओळ ठेवावयाची. या ‘पाहा’ नोंदीमुळे वाचकाचा नियम आणि यादीचा नियम यांत जेथे अंतर पडते, तेथे पूल बांधला जातो.

अनेक भाषांच्या देशात अडचण दुणावते. १९५८ सालापासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची’त निरनिराळ्या भारतीय भाषांतील पुस्तकांच्या नोंदी एकत्र करावयाच्या होत्या. प्रत्येक भाषेची लिपी वेगळी. मग एक क्रम कसा लावणार? यासाठी रोमन लिपीचा आश्रय घेण्यात आला. त्याने सर्व नोंदी एका माळेत ओवता आल्या. परंतु रोमन क्रमात ‘त’ आणि ‘ट’ एकाच अक्षराखाली येतात आणि वर्णमालेतील त्यांचे अंतर पुसले जाते. कोणताही क्रम निवडला तरी त्याची काही किंमत मोजावी लागते.

मोकळी जागा, आकडे आणि यंत्र

आणखी दोन लहान, पण नेहमी अडवणाऱ्या गोष्टी आहेत. पहिली दोन शब्दांमधील मोकळ्या जागेची. ‘राम गणेश’, ‘राम शास्त्री’ आणि ‘रामचंद्र’ ही तीन नावे घ्या. शब्द हा घटक मानला, तर ‘राम’ने सुरू होणारी दोन्ही नावे आधी संपतात आणि मग रामचंद्र येतो. मोकळी जागा जमेस धरली नाही, तर ‘ग’, ‘च’, ‘श’ या क्रमाने रामचंद्र मध्ये येतो. दोन्ही रीती जगभर चालतात. एका यादीत मात्र त्यांपैकी एकच चालली पाहिजे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. संगणकाला आकडे अक्षरांप्रमाणे लावावयास सांगितले, तर तो १, १०, ११, २ असा क्रम देतो. कारण पहिले चिन्ह पाहून तो ‘१०’ला ‘२’च्या आधी ठेवतो. त्यामुळे दहावीचा वर्ग दुसरीच्या आधी येतो. संख्या ही संख्या म्हणून घ्यावयाची आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागते.

यंत्राने याद्या लावण्याच्या या काळात नियम स्पष्ट करण्याची गरज वाढली आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोड या संकेतात ‘ल’चा क्रमांक २३५४, ‘ळ’चा २३५५ आणि ‘व’चा २३५७ आहे. अनुस्वाराचा क्रमांक सर्व व्यंजनांच्या आधी येतो. केवळ क्रमांकांवरून यादी लावली, तर ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’ या शब्दाच्या आधी जातो, ‘कंदील’ सर्वांच्या पुढे येऊन बसतो आणि ‘क्ष’ची नावे ‘क’च्या अखेरीस जातात. एक संकेत अनेक भाषांसाठी केलेला असल्यामुळे त्यात प्रत्येक भाषेच्या रीतीला जागा नसते. म्हणून मराठी यादीसाठी मराठीचा क्रमनियम यंत्राला स्वतंत्रपणे सांगण्याची सोय करण्यात आली आहे. ती वापरली की नाही, हे मात्र यादी करणाऱ्याने पाहावयाचे असते.

फळी एक, वाटा अनेक

ग्रंथालयात या सर्व प्रश्नांची गाठ पडते. पुस्तक ही वस्तू आहे आणि ती एका वेळी एकाच फळीवर राहू शकते. वाचक मात्र कधी लेखकाचे नाव घेऊन येतो, कधी पुस्तकाचे, तर कधी केवळ विषय घेऊन. यावर तोड म्हणून फळी आणि तालिका यांची कामे वेगळी करण्यात आली. फळीवर पुस्तके विषयवार लावावयाची आणि तालिकेत त्याच पुस्तकाच्या अनेक नोंदी करावयाच्या. १८७६ साली मेल्व्हिल ड्यूई याने ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग कल्पून दशांश पद्धतीने पुस्तकांना क्रमांक देण्याची योजना प्रसिद्ध केली. नोंदीसाठी सुटी पत्रे वापरण्याची कल्पना त्याहून जुनी. १७९१ साली, क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये, जप्त केलेल्या ग्रंथसंग्रहांची नोंद करण्यासाठी पत्त्यांच्या कोऱ्या पाठी उपयोगात आणल्या गेल्या. सुट्या पत्रांचा गुण असा की नवी नोंद योग्य जागी घालता येते आणि बाकीच्या नोंदी पुन्हा लिहाव्या लागत नाहीत.

आपल्या देशात या विषयाला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय शियाळी रामामृत रंगनाथन यांच्याकडे जाते. त्यांच्या नावातील पहिला शब्द गावाचा, दुसरा वडिलांचा आणि तिसरा त्यांचा स्वतःचा. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात विषयाचे निरनिराळे पैलू स्वतंत्रपणे घेऊन त्यांची जुळणी केली जाते. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे त्यांच्या पाच सूत्रांपैकी एक. यादीच्या क्रमाविषयी कोणताही वाद उत्पन्न झाला, तरी तो या एका कसोटीवर घासून पाहता येतो.

आपली यादी लावताना

शाळेतील विद्यार्थ्यांना किंवा गावच्या वाचनालयातील कार्यकर्त्यांना यादी करण्याचा प्रसंग नेहमी येतो. त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रथम, यादी कोण वापरणार आणि तो कोणती माहिती घेऊन येणार, हे ठरवावे. त्याला नाव ठाऊक असेल तर क्रम अकारविल्हे ठेवावा. विषय समजून घ्यावयाचा असेल तर वर्गवार ठेवावा. दुसरे, अनुस्वार, ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, मोकळी जागा आणि आकडे यांविषयीचा नियम काम सुरू करण्यापूर्वीच कागदावर लिहावा. निम्मे काम झाल्यावर तो बदलू नये. तिसरे, जेथे दोन नावांनी शोध होण्याचा संभव आहे, तेथे ‘पाहा’ नोंद घालावी. चौथे, ज्याने यादी केली नाही अशा एखाद्याला चारपाच अवघड नावे देऊन ती शोधावयास सांगावीत. तो कोठे चुकतो हे पाहिल्याने आपल्या यादीतील दोष कळतात.

आणि पाचवी गोष्ट सर्वांत सोपी, पण बहुधा विसरली जाणारी. यादीच्या डोक्यावर नियम लिहून ठेवावा. सूचनाफलकावरील त्या यादीवर ‘क्ष हे अक्षर क-मध्ये पाहावे’ एवढी एक ओळ लिहिली असती, तर क्षीरसागर आडनावाची ती मुलगी हसतमुखाने घरी गेली असती.